१७० हा नंबर नाहीये, ताई!

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेत डोळे तपासले आणि "दाखवून घ्या" अशी चिठ्ठी आली. आधी चष्म्याच्या दुकानात मशीनवर बघितलं, तिथे उजवा -२.०० आणि डावा -२.५० / -०.५० x १७२ असं छापून आलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून तपासलं आणि चष्म्याच्या चिठ्ठीवर उजवा -१.२५, डावा -१.७५ / -०.५० x १७० लिहून दिलं. पण त्यांच्याच फाइलमध्ये डाव्या डोळ्यासमोर -२.२५ / +०.५० x ८० असं आहे!! वर उजवा ६/१८, डावा ६/२४पी, चष्म्याने दोन्ही ६/६. म्हणजे नजर एक तृतीयांशच राहिली का? आणि १७० नंबर म्हणजे काय हो? सासूबाई म्हणतात चष्मा सारखा लावला की नंबर वाढतो, निदान अर्ध्या नंबराचा तरी करा. आणि मला सगळ्यात जास्त हे खातंय की मला कळलंच कसं नाही, ती एकदाही म्हणाली नाही की दिसत नाही म्हणून. – एक गोंधळलेली आई. ता. क.: धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला सगळं दिसतं.

उत्तर:

ताई, आधी पाणी प्या. १७० बद्दल सांगते, कारण मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडालीये. तो नंबर नाही, ती दिशा आहे. काही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नसतो, चमच्याच्या पाठीसारखा एका बाजूने जास्त वळलेला असतो, त्यासाठी जो वेगळा नंबर लागतो त्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो. तुमच्या लेकीचा तो फक्त -०.५० आहे, अर्धा. आता हा अर्धा नंबर काचेत आडवा बसवायचा का उभा का तिरका, ते चष्मा बनवणाऱ्याला कळायला हवं, म्हणून १ ते १८० मधला एक आकडा लिहितात. १८० म्हणजे आडवा, ९० म्हणजे उभा, १७० म्हणजे जवळजवळ आडवाच, किंचित कललेला. त्यावर अंशाचं छोटं गोल चिन्ह मुद्दाम लिहीत नाहीत, कारण घाईत लिहिलेलं १७ अंश कोणीतरी १७० वाचलं तर चष्मा चुकतो. ते गोल नसल्यामुळे तुमच्यासारख्या आया घाबरतात, पण चष्मा तरी बरोबर येतो :)

आता तीन कागदांवर तीन नंबर कसे. खरं तर दोनच आहेत. फाइलमधला -२.२५ / +०.५० x ८० आणि चिठ्ठीवरचा -१.७५ / -०.५० x १७० हे तंतोतंत एकच आहेत, लिहायची पद्धत फक्त वेगळी. गंमत म्हणून करून बघा: पहिले दोन आकडे मिळवा, -२.२५ मध्ये +०.५० मिळवले की -१.७५ येतात, मग सिलिंडरचं चिन्ह उलटं करा, आणि दिशेत ९० मिळवा, ८० चे १७० होतात. झालं. बरेच डॉक्टर तपासताना प्लसमध्ये सिलिंडर लिहितात आणि चष्मेवाले मायनसमध्ये काम करतात, त्यामुळे हा गोंधळ रोजचा आहे, अगदी शिकलेसवरलेले लोक दोन कागद घेऊन तावातावाने भांडायला येतात की तुम्ही नंबर बदललात म्हणून.

दुकानातल्या मशीनचा नंबर मात्र खरंच वेगळा आहे, आणि तो का वेगळा आला ते समजून घ्या कारण पुढेही हा प्रसंग येणार. त्या मशीनमध्ये डोकावलं की लांब रस्त्याच्या टोकाला एक फुगा नाहीतर घर दिसतं, आठवतंय? ते चित्र मधेच धूसर होतं, मग स्पष्ट होतं. हे सगळं डोळ्याला फसवून "लांब बघ, ताण सोड" सांगण्यासाठी असतं. मोठी माणसं बऱ्यापैकी फसतात. मुलं फसत नाहीत. मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की मशीनमध्ये डोकं घातल्यावर चित्र जवळ आहे असं समजून ते आपोआप जोर लावतं, आणि जोर लावलेल्या डोळ्याचा मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. तुमच्या लेकीचा उजवा असाच पाऊण नंबराने फुगलाय, सव्वाचा दोन झालाय, डावाही तेवढाच. डॉक्टरांनी थेंब घातले ते तो जोर थोड्या वेळासाठी बंद पाडायला. त्या दिवशी तिला जवळचं वाचता आलं नसेल, उजेडात डोळे दिपले असतील, चिडचिड केली असेल, पण खरा नंबर त्यामुळेच सापडला. पहिल्यांदा चष्मा लागणाऱ्या मुलाचा नंबर थेंबांशिवाय काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, घाई असली तरी. मशीनची पट्टी ही सुरुवात असते, तिच्यावरून थेट चष्मा करायचा नसतो.

आता ६/१८. अठरापैकी सहा मार्क नाहीत हे! हा अपूर्णांकासारखा दिसतो म्हणून सगळे टक्के काढतात. वरचा ६ म्हणजे तक्ता ६ मीटरवर आहे (खोली लहान असेल तर आरसा लावून तेवढं अंतर करतात), आणि खालचा १८ म्हणजे जी ओळ नीट नजरेच्या माणसाला १८ मीटरवरूनही वाचता येते ती तुमच्या लेकीला ६ मीटरवर यावं लागलं तेव्हा वाचता आली. बस एवढंच. काही देशांत फुटात मोजतात म्हणून तिकडे २०/२० म्हणतात, ते आपलं ६/६ च. हा तक्ता स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली काढला आणि अजून तोच चालतो, सगळ्यात वरचं अक्षर जवळजवळ ९ सेंटीमीटर उंच आणि ६/६ ची ओळ जेमतेम ९ मिलीमीटरची. ६/२४ च्या पुढे जो "पी" आहे तो पार्शलचा, म्हणजे त्या ओळीतली काही अक्षरं आली, काही चुकली. चिठ्ठीवर कुठे "पीएच" दिसलं तर ते पिनहोल, बारीक भोकातून बघायला लावतात ना ते. त्या भोकातून जास्त स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक नंबराचाच, चष्म्याने सुटेल. भोकातूनही नाहीच दिसलं तर डॉक्टर कान टवकारतात, की कारण दुसरं कुठेतरी असू शकतं.

तुमच्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलीत: चष्म्याने दोन्ही ६/६. ताई, हेच बघायचं असतं. चष्म्याशिवाय किती दिसतं त्यापेक्षा चष्मा लावून किती दिसतं हे विचारा, कायम. योग्य नंबर लावूनही एखाद्या मुलाचा एक डोळा ६/१८ वरच अडकला तर तो आळशी डोळा, म्हणजे मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो असा डोळा, असू शकतो आणि तिथे वय वाया घालवून चालत नाही. तुमच्याकडे तसं काही नाहीये. एक सांगते मात्र, ६/६ म्हणजे डोळा शंभर टक्के निरोगी असंही नाही. काचबिंदू मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवून कडेकडेने खात येतो, आणि प्लस नंबराची मुलं जोर लावून ६/६ वाचून दाखवतात आणि घरी जाऊन डोकं धरून बसतात. म्हणून तक्त्याबरोबर बाकीची तपासणीही लागतेच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. नंबर म्हणजे काय हे मला कॉलेजात शिकवलं पण कळलं खूप नंतर, एकदा घरात हातात शिवणाची टेप होती तेव्हा. मायनस नंबर म्हणजे अंतर आहे हो. १०० ला नंबराने भागा, तेवढ्या सेंटीमीटरवर त्या डोळ्याचं स्पष्ट जग संपतं. सव्वा नंबर, १०० भागिले १.२५, ८० सेंटीमीटर. पावणेदोन नंबर, ५७ सेंटीमीटर. आजच करा, टेप घ्या, एक टोक लेकीच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला कानाजवळ धरा आणि ८० वर बोट ठेवा. तिथपर्यंत तिला सगळं लख्ख दिसतं, वही, चित्रकला, मोबाइल, आरसा, तुमचा चेहरा केस विंचरताना. त्याच्या पुढे जसजसं लांब जाल तसं सगळं पाणी सांडलेल्या शाईसारखं होत जातं. माझा स्वतःचा साडेचार आहे. २२ सेंटीमीटर. म्हणजे माझ्या हाताची एक वीत बरोबर, अंगठा नाकाला लावला की करंगळीच्या टोकाला माझं जग संपतं, त्यापुढे अंदाज.

म्हणूनच ती बोलली नाही! तिला जवळचं उत्तम दिसतंय, लांबचं कधी वेगळं दिसलंच नाहीये, मग तक्रार कशाची करणार. मला आठवीत चष्मा लागला, तोपर्यंत मला खरंच वाटायचं की लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं. माणसं मी चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखायचे. बाबा थोडे डावीकडे झुकून चालायचे, आत्या ओढणी सारखी खांद्यावर टाकायची, वर्गातली एक मैत्रीण पाय घासत यायची, ह्या सगळ्या खुणा डोक्यात पक्क्या, आणि एखादीने नवीन ड्रेस घातला की मी तिला ओळख न दाखवता पुढे निघून जायचे, मग "शिष्ट आहे" असं नाव पडलं. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवायचे म्हणून एका बाईंनी कॉपी करते म्हणून उभंही केलं होतं. चष्मा आला त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा दिसला, मला वाटलेलं त्या घड्याळाला तो नाहीच. तर तुमच्या लेकीने लपवलं नाही आणि तुम्हीही दुर्लक्ष केलं नाही, हा दोष असाच दबक्या पावलांनी येतो.

तरी खुणा असतात, त्या दुसऱ्या आईबाबांसाठी पण लिहिते. सगळ्यात खात्रीची म्हणजे लांब बघताना डोळे बारीक करणं. पापण्या जवळ आणल्या की मधे एक फट राहते आणि ती त्या पिनहोलसारखंच काम करते, म्हणून खरंच थोडं स्पष्ट दिसतं, मुलाला हे कोणी शिकवत नाही, त्याचं त्यालाच सापडतं. मायोपिया, म्हणजे हाच मायनस नंबराचा दोष, ह्या शब्दाचं ग्रीक मूळसुद्धा डोळे मिटण्याशीच जोडलेलं आहे. दुसरी खूण जी मला फार पटते: पुस्तकातली गणितं बरोबर आणि फळ्यावरून उतरवलेली चूक, ३ चा ८ नाहीतर ५ चा ६ झालेला. वही बघितली की कळतं. मग संध्याकाळी, कमी उजेडात, जास्त अडखळणं, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि धूसरपणा वाढतो. बॉल अंगावर येईपर्यंत हात न उचलणं. टीव्हीच्या पुढे पुढे सरकणं हे सगळे सांगतात, पण अर्धी मुलं नुसत्या सवयीनेच पुढे बसतात, त्यावरून काही ठरवू नका, मागे बसवून पाट्या वाचायला सांगा. आणि डोकेदुखीवरून तर अजिबात नाही, साध्या मायनस नंबराने डोकं फारसं दुखत नाही, उलट प्लस किंवा सिलिंडरवाल्यांचं जास्त दुखतं. डोळे सारखे चोळत असेल तर ॲलर्जी बघा आधी.

आणि एक डोळा चांगला असेल तर तो दुसऱ्याचं सगळं झाकून नेतो, म्हणून घरी बघताना एकेक डोळा झाका. तळव्याने झाका, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून मुलं इतकी सफाईने बघतात ना.

सासूबाईंचं आता. त्यांच्यावर चिडू नका, हे सगळ्यांच्याच घरात म्हणतात आणि त्यामागे निरीक्षण आहे, चष्मा लागतो आणि मग दरवर्षी नंबर वाढतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. फक्त कारण उलटं पकडलंय. नंबर वाढतो कारण डोळा लांबीला वाढतोय. जन्मताना डोळ्याचा गोळा मागेपुढे साधारण १७ मिलीमीटर असतो आणि मोठेपणी २४ च्या आसपास जाऊन थांबतो. काही मुलांचा वेळेवर थांबत नाही, डोळ्याच्या आतला मागचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं, तो मागे सरकतो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. एक मिलीमीटर जास्त वाढला तर साधारण अडीच ते तीन नंबर होतात, म्हणजे तुमच्या लेकीचा उजवा डोळा जेमतेम अर्धा मिलीमीटर लांब असेल, पेन्सिलने ओढलेल्या रेघेएवढा. शाळेच्या वयात वर्षाला अर्ध्या नंबराच्या आसपास वाढणं नेहमीचं आहे, चष्मा लावा नाहीतर न लावा. उंची वाढली म्हणून फ्रॉक आखूड होतो, फ्रॉक घातला म्हणून उंची वाढत नाही, असं सांगून बघा त्यांना, माझ्या आईला ह्यानेच पटलं होतं.

अर्ध्या नंबराचा चष्मा तर नकोच. हे करून बघितलंय लोकांनी, मलेशियात मुलांचे दोन गट केले, एकाला पूर्ण नंबर आणि दुसऱ्याला मुद्दाम थोडा कमी, दोन वर्षं बघितलं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं, आणि कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढला होता. त्यानंतर ह्यावर बरीच चर्चा झाली पण आज बहुतेक डॉक्टर मुलांना पूर्णच नंबर देतात. आणि अर्धवट दिसणाऱ्या मुलाचं शाळेत काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

मग नंबर वाढू नये म्हणून काय करायचं? बाहेर सोडा तिला. हे ऐकायला फारच साधं वाटतं म्हणून लोक मनावर घेत नाहीत आणि महागड्या थेंबांची चौकशी करतात. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची मोकळ्या हवेत घालवायला लावली, तीन वर्षांनी त्यातल्या साधारण ३० टक्के मुलांना मायोपिया झाला होता आणि नेहमीसारख्या शाळांत ३९-४० टक्क्यांना. २०१५ साली छापून आलंय हे. खरं काम दिवसाचा मोकळा उजेड करतो असं मानतात, म्हणून घरात लांब बघत बसणं हा पर्याय नाही. रोज दोन तास म्हणतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बाहेर खेळण्याचा फायदा नंबर लागण्याआधी जास्त, एकदा लागल्यावर कमी. म्हणून वर्षात पाऊण-एक नंबर वाढला तर डॉक्टरांना अगदी कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या थेंबांबद्दल आणि नंबर हळू वाढावा म्हणून मुलांसाठी मिळणाऱ्या खास काचांबद्दल विचारा. त्याने वेग कमी होतो, आहे तो नंबर जात नाही, आणि कोणी व्यायामाने चष्मा घालवून देतो म्हणाला तर सरळ उठून या. मोबाइल, पुस्तक, दोन्ही डोळ्याच्या फार जवळ धरून तासन्‌तास नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघायचं हे डोळ्याचा थकवा घालवायला चांगलं आहे, पण त्याने नंबर थांबेल अशी आशा ठेवू नका.

एवढी काळजी कशाला, सव्वा नंबर तर आहे, असंही तुम्हाला कोणी म्हणेल. सव्वाची काळजी नाहीच. सहाच्या पुढे गेला की मात्र ताणलेला पडदा पातळ होतो, फाटू शकतो, काचबिंदूची शक्यता वाढते, म्हणून लहान वयात वेगाने वाढणाऱ्या नंबरावर लक्ष ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख चुकवू नका. आणि कुठल्याही वयात, कोणालाही, अचानक डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम भरपूर दिसायला लागले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

चष्मा आला की पहिले काही दिवस ती म्हणेल जमीन वर आलीये, नाहीतर दारं तिरकी दिसतायत. ते त्या अर्ध्या सिलिंडरमुळे, बहुतेकदा आठवडाभरात जातं, जिना तेवढा सांभाळून उतरू द्या. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल तर चष्मा घेऊन परत जा आणि त्यांना काचांची दिशा तपासायला लावा, १७० चं ७० बसलेलं मी स्वतः दोनदा बघितलंय.

आणि तुमच्या पत्रात खाली ताजा कलममध्ये धाकट्याबद्दल लिहिलंय, सहा वर्षांचा आहे, त्याला सगळं दिसतं. त्यालाही घेऊन जा. फक्त त्याच्या ताईची तपासणी चालू असताना त्याला खोलीबाहेर बसवा, ही पोरं आतल्याचं ऐकून अख्खा तक्ता पाठ करतात आणि मग डोळे मिटूनसुद्धा ६/६ वाचून दाखवतात.